मानेचा मार : ‘हातपाय हलतात ना’ एवढ्याने भागत नाही



सुगीचे दिवस असोत की जत्रेचे, आपल्याकडे माणूस पडायला निमित्त लागत नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय घसरतो. पावसाआधी घराची कौले सारखी करताना वासा मोडतो. विहिरीत सूर मारणाऱ्या पोराला पाण्याखालचा खडक दिसत नाही. बैल शिंग मारतो, ट्रॅक्टरची ट्रॉली उलटते, शेळी आडवी आली म्हणून मोटारसायकल घसरते. आणि यातले काहीच न होता घरचे म्हातारे माणूस रात्री लघवीला उठते, उंबऱ्याला अडखळते आणि हनुवटीवर पडते.

पुढचा प्रकार सगळ्या गावांत सारखाच असतो. चार माणसे धावतात. एक जण बगलेत हात घालून पडलेल्याला उठवून बसवतो, दुसरा पाणी पाजतो, तिसरा म्हणतो, “मान आखडली असंल, जरा हिसका द्या.” मग कोणीतरी विचारतो, “हातपाय हालत्यात न्हवं?” पडलेला माणूस पाय हलवून दाखवतो आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. “काय न्हाई झालं, वाचला,” असे म्हणून मंडळी पांगतात.

आजचा लेख आहे तो या सुटकेच्या निःश्वासाविषयी. मान मोडली तर माणूस जागीच संपतो किंवा चारी हातपाय लुळे पडतात, आणि तसे झाले नाही म्हणजे काहीच झाले नाही, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. मानेच्या माराची काही रूपे अशी आहेत की त्यांत माणूस बोलतो, पाय हलवतो, कधी चालतोही, तरीही आतली इजा गंभीर असते. ही रूपे विरळ आहेत, म्हणूनच ती ओळखायची राहून जातात. ती ओळखण्याच्या कामी घरच्या माणसांचे डोळे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

कुस्तीच्या मातीतली गोष्ट

आपल्या कोल्हापूरला मानेचे मोल वेगळे सांगायला नको. शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानापासून ते गावोगावच्या जत्रांतील मैदानांपर्यंत, पैलवान जेवढा मांड्यांवर उभा असतो तेवढाच मानेवर उभा असतो. एप्रिल २०१८ मध्ये पन्हाळा तालुक्यातील एका गावात जत्रेच्या मैदानात लढताना विशीतला एक होतकरू पैलवान मानेवर आपटला. मानेच्या मणक्याला जबर मार बसला होता. उपचार झाले, परंतु काही दिवसांतच तो दगावला. साऱ्या जिल्ह्याला हळहळ लावणारी ती घटना होती.

त्या पैलवानाची इजा सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. पण दरसाल तालमीत, रानात आणि रस्त्यावर किती तरी माना दुखावतात, त्यांतल्या बहुतेकांना चार-आठ दिवस दुखून आराम पडतो. त्या ढिगातून गंभीर मान वेगळी कशी काढावयाची, हा खरा प्रश्न आहे.

मानेच्या आत काय असते ?

मानेत सात मणके असतात. त्यांच्या मधोमध पोकळी असते आणि त्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. त्याची जाडी साधारण आपल्या करंगळीएवढी असते. विहिरीवरच्या मोटारीला जशी केबल जाते आणि त्या एका केबलच्या पोटात वेगवेगळ्या तारा असतात, तसेच इथेही आहे. काही तारा मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नेतात. काही तारा कातडीवरची वेदना, गार-गरम, स्पर्श यांची बातमी मेंदूला कळवतात. काही तारा हृदयाचे ठोके, रक्तदाब, लघवी यांवर देखरेख करतात. श्वासाच्या पडद्याला हलवणाऱ्या शिराही मानेतूनच निघतात.

केबल पुरी तुटली की सगळेच बंद पडते, ते कोणालाही समजते. पण केबल चेंगरली आणि आतल्या काहीच तारा दुखावल्या, तर काही कामे बंद पडतात आणि काही चालू राहतात. कोणत्या तारा दुखावल्या यावरून लक्षणांचे चित्र ठरते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना मार बसला तर आणखी निराळे चित्र दिसते. अशी पाच-सहा चित्रे आपण एकेक करून पाहू.

चित्र पहिले : पाय चालतात, हात लुळे

समजा, सत्तरीचे आबा उंबऱ्याला अडखळून तोंडावर आपटले. हनुवटीला खोक पडली, मान झटक्याने मागे गेली. धरल्यावर ते दोन पावले चालले. पण पाण्याचा तांब्या हातातून निसटला. हातांत आग होते म्हणतात, गुंडी लावता येत नाही. घरचे समजतात की पडताना हातांना मुका मार बसला असेल किंवा म्हातारपणी घाबरले असतील.

हे चित्र फार महत्त्वाचे आहे. डॉक्टरी भाषेत याला ‘सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम’ म्हणतात. अमेरिकेतील श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली त्याचे नीट वर्णन केले. वय वाढले की मणक्यांना हाडांची टोके फुटतात आणि आतली पोकळी अरुंद होते, गाळाने भरत आलेल्या पाटासारखी. अशा मानेला मागे झटका बसला की मज्जारज्जू मध्येच चिमटला जातो. हातांच्या, विशेषतः बोटांच्या हालचाली सांभाळणाऱ्या तारांना त्याचा फटका अधिक बसतो. म्हणून पाय बरे आणि हात लुळे असा उलटा प्रकार दिसतो. पुष्कळदा लघवीही अडते.

यात फसगत अशी की अनेकदा हाड मोडलेलेच नसते. एक्स-रे पाहून ‘फ्रॅक्चर नाही’ असे ऐकले की माणसे आबांना घरी घेऊन येतात. तेव्हा ध्यानात ठेवावे की एक्स-रे हाड दाखवतो, मज्जारज्जू दाखवत नाही. पडल्यानंतर हात पायांपेक्षा अधिक लुळे असतील, तर हाताला नव्हे, मानेला मार लागला आहे असेच धरून चालावे.

दिलासा एवढाच की यातले अनेक रुग्ण बऱ्यापैकी सुधारतात. साधारणपणे आधी पाय सुधारतात, मग लघवीवरचा ताबा येतो, मग हात आणि सर्वांत शेवटी बोटे. पण त्यासाठी वेळेवर ओळख आणि पुढे कित्येक महिने व्यायाम लागतो.

चित्र दुसरे : एका अंगाची ताकद गेली, दुसऱ्या अंगाची वेदना

मानेत मागून बैलाचे शिंग घुसले, किंवा भांडणात विळ्या-सुऱ्याचा वार मानेवर बसला, तर मज्जारज्जूची एकच बाजू कापली जाऊ शकते. मग उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडतो. पण चमत्कार असा की गार-गरम आणि टोचल्याची वेदना कळेनाशी होते ती डाव्या अंगाला ! ज्या बाजूला ताकद आहे त्या बाजूला वेदना नाही, आणि ज्या बाजूला वेदना आहे त्या बाजूला ताकद नाही.

ऐकणाऱ्याला वाटते, हा माणूस सोंग करतो आहे किंवा घाबरून काहीबाही बोलतो आहे. पण त्यामागे शरीराच्या बांधणीतले कारण आहे. ताकदीच्या तारा मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, तर वेदनेच्या तारा मज्जारज्जूत शिरल्या की थोड्याच अंतरावर पलीकडे जातात. म्हणून एकाच जखमेचा परिणाम दोन अंगांना निरनिराळा दिसतो.

हे कोडे एकोणिसाव्या शतकात ब्राऊन-सेकार नावाच्या डॉक्टरांनी उलगडले आणि त्यांचेच नाव या आजाराला मिळाले. त्यांचा जन्म १८१७ साली मॉरिशस बेटावर झाला. हे तेच उसाचे बेट, जिथे आपल्या मराठी मुलखातून मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही राहतात.

घरी याची साधी पारख अशी. जखमी शुद्धीवर असेल तर मान न हलवता, आधी एका पायाला आणि मग दुसऱ्या पायाला गार पाण्याची लोटी हलकेच टेकवावी आणि विचारावे, “दोन्हीकडं सारखंच गार लागतंय का ?” फरक सांगितला तर तो लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावा. जखमेत सुरी, फाळ, काठी असे काही रुतले असेल तर ते मात्र उपसू नये. तसेच स्थिर धरून दवाखान्यात न्यावे.

चित्र तिसरे : अंग ऊबदार, नाडी मंद आणि माणूस खालावतो

अपघातानंतर रक्तदाब उतरला की पहिली शंका रक्तस्रावाची येते आणि ती यायलाच पाहिजे. रक्त गेलेल्या माणसाचे अंग गार पडते, दरदरून घाम फुटतो आणि नाडी जलद धावते. पण मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूला मार बसला, तर रक्तवाहिन्यांना आकसून ठेवणारा आणि हृदयाला वेग देणारा हुकूमच खाली पोहोचत नाही. रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्तदाब उतरतो, परंतु नाडी मात्र मंद चालते, पुष्कळदा मिनिटाला ६० च्याही खाली. कातडी कोरडी आणि ऊबदार लागते. याला ‘न्यूरोजेनिक शॉक’ म्हणतात.

अशा माणसाला आपण बसवले, उभे केले, तर तो तिथेच कोसळतो. त्याला सपाट आडवेच ठेवावे. मात्र ‘नाडी मंद आहे म्हणजे पोटात रक्तस्राव नाही’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात आणि ते तपासणे डॉक्टरांचे काम आहे.

याच्या जोडीला श्वासाकडे पाहावे. छाती न फुगता नुसते पोटच वर-खाली होत असेल, बोलताना दोन शब्दांवर दम तुटत असेल, खोकला जोरात काढता येत नसेल, तर श्वासाचे बळ कमी पडू लागले आहे. अशा वेळी एक मिनिटही दवडू नये.

चित्र चौथे : आठ दिवसांनी आलेला झटका

मानेतून मेंदूकडे चार मोठ्या रक्तवाहिन्या जातात, दोन पुढून आणि दोन मणक्यांच्या बाजूने. मोटारसायकलच्या चाकात पदर किंवा ओढणी अडकून गळ्याला हिसका बसला, कुस्तीत मान पिळली गेली, किंवा केस कापल्यावर डोक्याची मालीश करून मान दोन्हीकडे कडकडून मोडून घेतली, तर क्वचित या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटते. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की झटका येतो. हे काही तासांत घडते, काही दिवसांनी घडते, कधी काही आठवड्यांनीही घडते. तोवर हिसक्याची गोष्ट घरचे विसरून गेलेले असतात. माणूस तरुण असतो. मग अर्धांगवायूची शंका कोणाला येत नाही.

याच्या खुणा अशा : मानेच्या किंवा डोक्याच्या एकाच बाजूला पूर्वी कधी नव्हे असे दुखणे. एका डोळ्याची पापणी किंचित खाली आलेली आणि त्याच डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा बारीक. या जोडीला ‘हॉर्नर सिंड्रोम’ म्हणतात. पुढे घेरी, चालताना एका बाजूला तोल जाणे, एकाची दोन दिसणे, घास गिळताना ठसका, आवाज घोगरा, न थांबणारी उचकी. कधी चेहऱ्याची एक बाजू बधिर आणि अंगाची दुसरी बाजू बधिर.

उचकी लागली म्हणून साखर द्यावी, घेरी आली म्हणून पित्त समजावे, असे आपल्याकडे सहज होते. पण मानेच्या हिसक्यानंतर काही दिवसांत यातले काही दिसले तर तडक मोठा दवाखाना गाठावा. मेंदूच्या झटक्यावर गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते कोणाला द्यायचे व कोणाला नाही हे तपासणीनंतर तिथलेच डॉक्टर ठरवतात. म्हणून लक्षणे किती वाजता सुरू झाली हे सांगणे फार मोलाचे.

चित्र पाचवे : पोराचा एक्स-रे चांगला, पण पोर ढिले

लहान मुलांची मान लवचीक असते. ती ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते, हाड मोडत नाही. पण आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही. म्हणून एक्स-रे निर्दोष आणि मज्जारज्जू मात्र दुखावलेला, असे मुलांत घडू शकते. १९८२ साली डॉक्टरांनी या प्रकाराला वेगळे नावही दिले. यातली फसवी बाब म्हणजे पडल्यावर क्षणभर हातापायांतून वीज गेल्यासारखे वाटते, मुंग्या येतात, मग पोर पुन्हा खेळू लागते, आणि काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनी अशक्तपणा येतो.

झाडावरून पडलेल्या पोराने “हात झिणझिणले” असे एकदा जरी सांगितले, तरी आईबापाने ते हसण्यावारी नेऊ नये. डॉक्टरांना तेच शब्द सांगावेत.

दवाखान्यात हे निसटते कसे ?

यात कोणाला दोष द्यावयाचा नाही. अपघात विभागात एकाच वेळी दहा रुग्ण येतात. मांडीचे हाड मोडून ओरडणाऱ्याकडे आधी लक्ष जाते आणि मान त्याच्या ओरडण्यात हरवते. जखमी प्यालेला असेल, बेशुद्ध असेल, तर तो काही सांगूच शकत नाही. हात लुळा दिसला की हाताचाच फोटो काढला जातो. म्हाताऱ्याला पूर्वीचा रक्तदाब असेल तर झटका समजला जातो.

अशा वेळी कोणाची मान तपासल्याशिवाय सोडू नये, याचे एक पथ्य कॅनडातील डॉक्टरांनी २००१ साली घालून दिले आणि ते जगभर वापरले जाते. जखमी शुद्धीवर असला तरी त्याचे वय ६५ किंवा अधिक असेल, तो तीन फूट किंवा त्याहून अधिक उंचीवरून पडला असेल, सूर मारताना आपटल्यासारखा सारा भार डोक्यावर उभा आला असेल, किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर मानेचा फोटो काढलाच पाहिजे. हिशेब करून पाहा, उसाच्या ट्रकवरून पडलेला आणि विहिरीत आपटलेला, दोघेही यात बसतात.

हाड पाहायला सी. टी. स्कॅन एक्स-रेपेक्षा अधिक भरवशाचा. मज्जारज्जू पाहायला एमआरआय लागतो. मज्जारज्जूवर दाब असेल तर तो शस्त्रक्रियेने काढावयाचा की नाही, हे जितके लवकर ठरेल तितके बरे. शक्य तेथे ती २४ तासांच्या आत व्हावी असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणून ‘आज घरी नेतो, उद्या बघू’ हा विचार महाग पडतो.

डॉक्टरांशी बोलताना रागाने नव्हे, नेमके बोलावे. “डॉक्टरसाहेब, पडल्यावर पाय हलत होते पण हात उचलत नव्हते. दुपारपासून लघवी झाली नाही. मज्जारज्जूला मार असेल का ? एमआरआयची गरज आहे का ?” एवढे दोन-तीन शब्द वेळेवर कानी पडले तर तपासणीची दिशा बदलते.

जागेवर काय करावे

पहिली गोष्ट, त्याला उठवू नये. आग, पाणी, चालू यंत्र, उलटलेली ट्रॉली असा जिवाचा धोका असेल तरच हलवावे. नाही तर जिथे पडला तिथेच राहू द्यावे.

एकाने त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसावे आणि दोन्ही हातांनी डोके, आहे त्याच स्थितीत, स्थिर धरावे. मान वाकडी असेल आणि सरळ करताना दुखत असेल किंवा अडत असेल तर जोर लावून सरळ करू नये. “मान हलवू नका, आम्ही आहोत,” असे त्याला सांगत राहावे. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. फोनवर ‘मानेला मार लागला आहे’ हे आवर्जून सांगावे.

पाणी, चहा काही पाजू नये. मान चोळू नये, तेल लावू नये, ओढू नये. मोटारसायकलवाल्याचे हेल्मेट श्वासाला अडथळा नसेल तर तसेच राहू द्यावे. उलटी झाली तर नुसते डोके वळवू नये. तीन-चार जणांनी मिळून खांदा, कंबर, पाय एकदमच, लाकडाचा ओंडका लोटावा तसे सबंध अंग कुशीवर करावे. हुकूम डोके धरणाऱ्याचा असावा : “एक, दोन, तीन.” श्वासच थांबला असेल तर मात्र मानेचा विचार मागे ठेवून आधी छाती दाबून श्वास व हृदय चालू करण्याचे उपाय करावेत. जीव राहिला तर मानेचा इलाज होईल.

रुग्णवाहिका येण्यासारखी नसेल आणि न्यावेच लागले, तर बाज किंवा चादरीची झोळी नको, त्यात मान आणि पाठ दुमडते. दाराची फळी किंवा रुंद पाट्या घ्याव्यात. डोक्याखाली उशी नको. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी ठेवाव्यात आणि एकाने डोके धरूनच बसावे. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून नेणे हा सर्वांत वाईट मार्ग होय.

पाण्यात सूर मारून आपटलेल्याला ओढत काठावर आणू नये. तोंड आणि नाक पाण्याबाहेर राहील असे उताणे तरंगत ठेवावे आणि फळी आल्यावरच बाहेर काढावे.

हाडवैद्यांविषयीही दोन शब्द. गावोगावी चांगल्या हाताची माणसे आहेत आणि निखळलेले मनगट बसवून त्यांनी अनेकांना उपयोग केला असेल. पण मान म्हणजे मनगट नव्हे. ताज्या मारानंतर मानेला दिलेला एक झटका, अर्धवट दुखावलेली केबल कायमची तोडू शकतो. तालमीतल्या वस्तादांनीही मानेवर पडलेल्या पोराची मान ‘बसवण्याचा’ मोह टाळावा. जत्रेत मैदान भरवणाऱ्या पंच-मंडळींनी बक्षिसाच्या रकमेबरोबर एक फळी, डोके धरायला शिकलेली चार माणसे आणि एक तयार वाहन यांचीही तरतूद करावी. खर्च किरकोळ आहे.

भीती नको, कायदा पाठीशी आहे

पुष्कळदा माणसे पोलीस केसच्या धास्तीने पुढे येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे की अपघाती रुग्णावर आधी उपचार करावेत, कायद्याचे सोपस्कार नंतर. दवाखाना सरकारी असो की खाजगी, डॉक्टरांचे हे कर्तव्य आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, रस्त्यावरच्या जखमीला चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नावगाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

कोल्हापुरात अशा वेळी जुन्या माणसांच्या तोंडी ‘थोरला दवाखाना’ येतो, म्हणजेच सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. रुग्ण कुठेही न्या, पण निघतानाच १०८ च्या डॉक्टरांना किंवा जवळच्या दवाखान्याला विचारून घ्यावे की मेंदू-मणक्याचे शल्यतज्ज्ञ आणि स्कॅनची सोय आत्ता कुठे आहे. तीन दवाखाने फिरण्यात जो वेळ जातो तो मज्जारज्जूच्या आयुष्यातून वजा होतो. शिधापत्रिका आणि आधारकार्ड कोणीतरी मागून घेऊन यावे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे.

कापून ठेवा, भिंतीवर लावा

मानेला मार लागल्यावर जखमी बोलत असेल तर मान न हलवता एवढे पाहा आणि कागदावर वेळेसह लिहा :

१. “माझी बोटं घट्ट दाबा.” दोन्ही मुठींत सारखा जोर आहे का ?

२. “पायाची बोटं हलवा, माझ्या हाताला पायानं रेटा.” दोन्ही पायांत सारखा जोर आहे का ? पायांपेक्षा हात अधिक लुळे आहेत का ?

३. दोन्ही अंगांना स्पर्श आणि गार सारखे कळते का ? कुठे मुंग्या, आग, झिणझिण्या आहेत का ?

४. श्वास घेताना छाती हलते की नुसते पोट ?

५. नाडी जलद की मंद ? अंग गार की ऊबदार ?

६. दोन्ही पापण्या आणि डोळ्यांतल्या बाहुल्या सारख्या आहेत का ? गिळताना ठसका लागतो का ?

७. पडल्यापासून लघवी झाली का ? सहा-आठ तास झाली नसेल तर लगेच सांगा.

८. कसा पडला, किती उंचीवरून, किती वाजता ? पडल्याबरोबर काय हलत होते आणि आता काय हलते ?

९. पूर्वी मानेचे दुखणे, रक्त पातळ करणारी गोळी, दारू ?

दर अर्ध्या तासाने पहिली चार पुन्हा पाहा. सकाळी वळत असलेली मूठ दुपारी वळत नसेल, तर ही दवाखान्यात सर्वांत आधी सांगावयाची बातमी होय. घरी सोडलेल्या माणसालाही पुढचे दोन आठवडे या नजरेने पाहत राहावे.

ही नऊ वाक्ये वाचायला दोन मिनिटे लागतात. घरातल्या शाळकरी पोराकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे आबांपासून सुनेपर्यंत सर्वांच्या कानावर पडतील. आणि या सुगीला ऊस भरायला जाणाऱ्या टोळीतल्या मुकादमालाही एक प्रत द्या.